आबांचा पोवाडा कशात रेकॉर्ड करायचा? शिवाजी पेठेतल्या एका घरगुती स्टुडिओचं प्रकरण

डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतनं एका मुलीचा, आबांच्या नातीचा, फोन आला. "काका, आबांचं रेकॉर्डिंग घरातच करायचं ठरवलंय. स्वस्तातलं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, तेवढं सांगा."

मी साउंडचं काम करतो. गणपती, शिवजयंती, कीर्तन सप्ताह यांत वर्षाचा बराचसा काळ स्पीकर आणि मिक्सरपाशी जातो, उरलेल्या दिवसांत लोकांच्या घरी जाऊन रेकॉर्डिंग लावून देतो. हा प्रश्न मला महिन्यातून एकदोनदा तरी येतो आणि बहुतेक वेळा मी एक नाव सांगून मोकळा होतो. या वेळी तसं केलं नाही. आबांना मी पंचवीस वर्षं ओळखतो, आणि त्या घरात आधी काय झालं होतं तेही मला माहीत होतं.

आबा शाहीर आहेत. वय ७१. पिराजीराव सरनाईकांचा पोवाडा ऐकत ज्या पिढीचा कान तयार झाला, त्या पिढीतले. स्वतः डफ धरतात, मागे दोन झीलकरी (शाहिरामागून सूर धरणारे साथीदार), एक तुणतुणं. दोन वर्षांपूर्वी घरात लॅपटॉप आला तेव्हा एका दुकानातनं त्यांना एक महागडं सॉफ्टवेअर ‘टाकून’ मिळालं होतं. म्हणजे क्रॅक, विनापरवाना चोरटी प्रत. ते चालावं म्हणून दुकानदाराने अँटिव्हायरस बंद करून दिला. सहाएक महिन्यांत लॅपटॉपमधल्या फायली उघडेनाशा झाल्या. दुरुस्तीला दिला तर तिथं सी ड्राइव्हबरोबर डी ड्राइव्हही फॉर्मॅट झाला. त्यात अकरा रेकॉर्डिंग होती, आणि त्यातल्या चारांत आबांच्या जुन्या तुणतुणेवाल्यांचा आवाज होता. त्याच वर्षी गणपतीच्या आधी ते गेले. तीस वर्षांची साथ, आणि हातात राहिला तो मोबाइलवरचा चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ, त्यातही निम्म्या वेळात मोटारसायकलचा हॉर्न.

त्यानंतर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. १९१५ साली शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं ते नाट्यगृह. आबा त्या रात्री शेजारच्या खासबाग मैदानापाशी उभे होते. त्या रंगमंचावर त्यांनी किती पोवाडे म्हटले असतील याचा हिशेब त्यांच्यापाशीही नाही. घरी आल्यावर नातीला एवढंच म्हणाले, "जे हाय ते आता साठवून ठेवू."

म्हणून मी फोनवर नाव सांगितलं नाही. रविवारी घरी गेलो.

आबांच्या तीन अटी

माडीवरची खोली दहा बाय बारा फुटांची. वर पत्रा, एका भिंतीला लोखंडी कपाट, रस्त्याकडे एक खिडकी. आबा चटईवर बसले होते. चहा झाल्यावर म्हणाले, "मला त्या मशिनीतलं काय कळत न्हाई. पण तीन गोष्टी सांगतो. आम्ही चौघं उभं ऱ्हाऊन म्हणतो तसंच आलं पायजे. पोरीला एकटीला जमलं पायजे, दर येळंला तुला बोलवायचं न्हाई. आणि मी गेल्यावर बी ते उघडलं पायजे."

सॉफ्टवेअर निवडण्यासाठी यापेक्षा चांगला कागद मला आजवर कुणी दिलेला नाही. लोक विचारतात ते वेगळं असतं: यात किती आवाज फुकट येतात, अमुक गायक कशात करतो, दिसायला कसं आहे. आबांनी वैशिष्ट्यांचं काही विचारलंच नाही. काम काय, करणार कोण आणि ते टिकणार किती, एवढंच विचारलं. पुढचं सगळं मी त्या तीन अटींवर पारखलं.

सामान आणि पैसे असे होते. लॅपटॉप जुना, विंडोज १० चा, आय-थ्री, ४ जीबी रॅम. एकूण बजेट वीस हजार, आणि त्यात सॉफ्टवेअरही बसवायचं. रॅम ८ जीबी केली त्याचे १,५०० गेले. दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी) जुना घेतला, ७,०००. एक कंडेन्सर माइक ४,५००, हेडफोन २,२००, स्टँड आणि केबल १,८००. डायनॅमिक माइक माझ्याकडचा दिला. झाले सतरा हजार. सॉफ्टवेअरला राहिले तीन हजार.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. नवीन इंटरफेस घेतला की पुष्कळदा त्याच्या खोक्यात एबलटन लाइव्ह लाइट किंवा क्युबेस एलई यांसारख्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या छोट्या आवृत्तीचा कोड येतो, आणि अनेकांचं काम तेवढ्यात भागतं. आमचा इंटरफेस जुना होता, त्याचा कोड पहिल्या मालकानेच वापरलेला. जुना माल घेताना हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. ते विचारायला हवं होतं.

एकच चौक, सगळ्यांत

मी नातीला म्हटलं, नावं ऐकून ठरवायचं नाही. आबांच्या एका पोवाड्यातला एक चौक, म्हणजे एक भाग, घेऊ आणि तोच प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करू. चौक मुद्दाम असा निवडला की त्यात सगळं येईल: सुरुवात संथ, मध्ये डफ थांबवून आबा गद्यात प्रसंग सांगतात, आणि मग लय चढत जाऊन झीलकऱ्यांच्या ‘जी जी रं जी जी’वर तो संपतो. साडेतीन मिनिटांचा. एका सॉफ्टवेअरला एक संध्याकाळ. वहीत चार गोष्टी लिहायच्या: आवाज यायला किती वेळ लागला, लॅपटॉप कुठं अडखळला, दुसऱ्या दिवशी तिला एकटीला तेच पुन्हा जमलं का, आणि तिच्या चुलतभावाच्या लॅपटॉपवर नेऊन ते उघडलं का.

चौथी कसोटी बहुतेक लोक लावतच नाहीत. आबांच्या तिसऱ्या अटीसाठी मात्र तीच सगळ्यांत महत्त्वाची होती.

पहिली संध्याकाळ ऑडॅसिटीची. फुकट, मुक्त स्रोत, पंचवीस वर्षांची परंपरा. दहा मिनिटांत आवाज आला आणि स्वच्छ आला. कुणाला कथाकथन, व्याख्यान, एकट्याचं गाणं किंवा जुन्या कॅसेटी उतरवून घ्यायच्या असतील तर मी आजही डोळे झाकून ऑडॅसिटीच सांगतो. आमचं अडलं ते झिलीपाशी. आबांचा आवाज कानात ऐकत झीलकरी वरून म्हणायला लागले की त्यांची झील मागे पडायची. आम्ही वापरलेल्या आवृत्तीत एएसआयओ ड्रायव्हरची (आवाज कमीत कमी उशिराने संगणकात ये-जा करू देणारी जोडणी) सोय नव्हती, त्यामुळे तो उशीर आकडे टाकून हाताने भरून काढावा लागत होता. मला जमलं. दुसऱ्या दिवशी नातीचा फोन: "काका, मी दोन तास बसलो, पण झील काय डफावर बसंना." (कोल्हापूरच्या मुली ‘बसलो-गेलो’च म्हणतात, ते ऐकलं की मला घरी आल्यासारखं वाटतं.) दुसरी अट तिथंच मोडली.

एलएमएमएस हे दुसरं फुकट सॉफ्टवेअर अर्ध्या तासात बाजूला झालं, कारण त्या आवृत्तीत माइकवरून रेकॉर्डिंग होतच नाही. पण नातीने त्यात हलगी आणि घुमक्याच्या ठेक्याचा एक तुकडा तयार केला तो मला फार आवडला. तिला संगीत जुळवायची बुद्धी आहे हे मला त्या संध्याकाळी कळलं.

एफएल स्टुडिओचा आग्रह तिचाच होता. कॉलेजमधली तिची सगळी मित्रमंडळी तेच वापरतात. आग्रहाला आधारही होता: एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट, आणि ठेक्यावर ठेका चढवायचा असेल तर त्याच्याइतकं हाताला सोपं फार थोडं आहे. पण त्याची चाचणी आवृत्ती केलेलं काम साठवते आणि तेच पुन्हा उघडू देत नाही. शिवाय तेव्हाच्या सगळ्यांत स्वस्त आवृत्तीत माइकचं रेकॉर्डिंग नव्हतं. त्यासाठी वरची आवृत्ती घ्यावी लागत होती, आणि तिची किंमत आमच्या उरलेल्या पैशांच्या कितीतरी पुढं.

पैशांपेक्षा मोठी अडचण त्या चौकाने दाखवली. अशी सॉफ्टवेअर मात्रांच्या चौकटीवर उभी असतात. पडद्यावर आखलेले खण, प्रत्येक खणात एक ठोका, कानात टिकटिक. पोवाडा तसा चालत नाही. आबा गद्यात शिरतात तेव्हा मात्राच संपते. परत डफावर थाप पडते ती समोरच्या लोकांचा श्वास बघून. लय कुठं चढवायची हे शाहीर ठरवतो, आणि ते त्या दिवशीच्या अंगावर असतं. आम्ही एकदा आबांच्या कानात टिकटिक देऊन बघितली. दुसऱ्या ओळीलाच त्यांनी हेडफोन काढून ठेवला. "हे मला म्हणू देईना झालंय."

त्या क्षणी निवड अर्ध्याहून जास्त झाली. आम्हाला हवं होतं ते जुन्या टेपरेकॉर्डरच्या स्वभावाचं सॉफ्टवेअर: जे होतंय ते सरळ पट्टीवर घ्यायचं, चौकट मागायची नाही.

प्रो टूल्सची फुकट आवृत्ती त्या स्वभावाची. ध्वनीचे आठ ट्रॅक मिळतात, आम्हाला चार पुरेसे होते. पण आमच्या लॅपटॉपवर ते उघडायलाच इतका वेळ घ्यायचं की झीलकरी खाली जाऊन पान खाऊन यायचे, आणि रेकॉर्डिंगच्या मध्ये दोनदा थांबलं. नव्या, ताकदीच्या लॅपटॉपवर त्याचा विचार जरूर व्हावा.

केकवॉकने मला खरंच द्विधेत टाकलं. तेव्हा विंडोजवर फुकट, ट्रॅकवर बंधन नाही, भरपूर ताकद. पण त्याचा इतिहास मला माहीत होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सन कंपनीने केकवॉक बंद केलं. वर्षानुवर्षं पैसे भरलेले लोक एका रात्रीत उघड्यावर आले. २०१८ मध्ये बँडलॅबने ते विकत घेऊन फुकट दिलं, आणि २०२३ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की याच्या जागी दुसरी सॉफ्टवेअर येणार. फुकट देणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आबांची तिसरी अट समोर ठेवली की हात आखडतो. मी नातीला हे सगळं सांगितलं, तर तीच म्हणाली, "मग नको काका. एकदा गेलंय आमचं."

रीपर

शेवटची संध्याकाळ रीपरची, २५ डिसेंबर. उतरवायची फाइल वीस एमबीच्याही आतली, तिच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मिनिटभरात आली. साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं, काहीही झाकून ठेवलेलं नसतं. घरगुती वापराचा आणि छोट्या धंद्याचा परवाना साठ डॉलरचा. मोठ्या उत्पन्नाच्या व्यवसायासाठी २२५ डॉलरचा वेगळा आहे, पण सॉफ्टवेअर तेच.

पहिल्या दर्शनाला ते आवडत नाही, हे सांगायला हवं. पडदा करडा, मेनूमागे मेनू. आत तयार वाद्यांचे आवाज जवळजवळ नाहीत. नातीने पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "ह्यात ढोलकी कुठाय?" ढोलकी नाही. बाहेरून आणावी लागते. ज्याला एकट्याने संगणकातूनच गाणं उभं करायचंय, त्याला मी हे पहिलं सॉफ्टवेअर म्हणून देणार नाही.

पण आमचा चौक त्यात तासाभरात बसला. एएसआयओ ड्रायव्हर लागला. गद्याच्या जागी काही अडलं नाही, कारण चौकट आम्ही बंदच करून टाकली. तीनदा रेकॉर्ड केलेलं एकाखाली एक लागतं, त्यातल्या चांगल्या ओळी निवडता येतात, आणि मूळ आवाजाला धक्का लागत नाही. चौथ्या कसोटीच्या वेळी तर मला बरंच वाटलं. रीपर पेनड्राइव्हवरही बसवता येतं. आम्ही तो पेनड्राइव्ह आणि चौकाचा फोल्डर चुलतभावाच्या लॅपटॉपला लावला आणि सगळं जसंच्या तसं उघडलं.

आणखी एक गोष्ट मी आबांना समजावून सांगितली. रीपरची प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्येही उघडून वाचता येते. आवाज मात्र तिच्यात कोंडलेले नसतात, ते शेजारी वेव्ह फायली म्हणून सुटे पडलेले असतात. उद्या हे सॉफ्टवेअर जगातनं नाहीसं झालं तरी त्या फायली कशातही वाजतील. आबा म्हणाले, "म्हंजे भांडं फुटलं तरी दूध सांडत न्हाई." अगदी तसंच.

दुसऱ्या दिवशी नातीने एकटीने रेकॉर्ड केलं. फोन आला नाही. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर चौकच आला.

झील मागे का पडते

हे थोडं सविस्तर लिहितो, कारण घरी रेकॉर्डिंग करणारी निम्मी माणसं इथं हरतात आणि दोष सॉफ्टवेअरला देतात.

संगणक आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, बादल्या भरून घेतो. त्या बादलीला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने १०२४ नमुन्यांची बादली भरायला २१ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक, बाहेर जाताना एक, म्हणजे साधारण ४३ मिलिसेकंद. आवाज हवेतून तेवढ्या वेळात चौदा-पंधरा मीटर जातो. थोडक्यात, झीलकऱ्याच्या कानात त्याचाच आवाज मांडवाच्या दुसऱ्या टोकावरनं आल्यागत येतो. मग तो बिचारा थांबून थांबून म्हणतो आणि झील ढिली पडते.

आम्ही बादली १२८ केली तर जुना लॅपटॉप तडतडायला लागला. २५६ वर थांबलो, म्हणजे एका बाजूला ५ मिलिसेकंद. आणि इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं. त्याने स्वतःचा आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो आणि उशीर उरतच नाही. हे बटण कित्येकांच्या इंटरफेसवर असतं आणि वर्षानुवर्षं कुणी त्याला हात लावत नाही.

रेकॉर्डिंगचा दिवस

जानेवारीचा दुसरा रविवार. खिडकीला आणि कपाटाला घरातली दोन जाड घोंगडी टांगली. लोकरीचं घोंगडं आवाज पितं. कपाटाच्या पत्र्याचा झणत्कार त्याने पार गेला. खाली जाजम. पंखा बंद.

आधी मी चूक केली. इनपुट दोनच, म्हणून आबांचा आवाज आणि डफ आधी घेतला, झील आणि तुणतुणं नंतर वरून चढवलं. तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ झालं. आबांनी ऐकलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चौघं चार खोलीत बसून म्हटल्यागत वाटतंय." त्यांची पहिली अट मी विसरलो होतो. शाहीर वळून झीलकऱ्याकडे बघतो, तुणतुण्याची तार त्याला पुढं ढकलते, हे सगळं एका वेळी एका खोलीतच होतं.

मग चौघांना एकत्र उभं केलं. डायनॅमिक माइक आबांच्या हनुवटीच्या खालून वर तोंडाकडे वळवला, म्हणजे माइकची पाठ छातीशी धरलेल्या डफाकडे गेली. असा माइक पाठीमागचं सगळ्यांत कमी ऐकतो, त्यामुळे डफाची थाप आवाजावर चढली नाही. कंडेन्सर माइक झीलकरी आणि तुणतुण्यापुढे चारेक फुटांवर, डोक्याच्या उंचीवर. डफ दोन्हींत थोडा थोडा येत होता, तो येऊ दिला. थापेचा जोर एकदम उसळतो म्हणून लेव्हल अशी ठेवली की सगळ्यांत मोठ्या थापेलाही काटा उणे १२ डेसिबलच्या (शून्याच्या वर आवाज फाटतो) आसपासच थांबावा. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना एवढी मोकळी जागा सोडली तर काही गमवावं लागत नाही, आणि आवाज फाटला तर तो कुठल्याही सॉफ्टवेअरने शिवता येत नाही.

त्या दिवशी चाळीस मिनिटांचा पोवाडा सलग झाला. दोन ट्रॅक, मिळून सातशे एमबीच्या आत.

खोलीच्या हुंकारासाठी मी नातीला एक युक्ती शिकवली. सुरुवातीला सगळे गप्प राहून दहा सेकंद रिकामी खोली रेकॉर्ड करायची. मग रीपरमधल्या रीफर या सोयीला वजाबाकीवर ठेवून तेवढा तुकडा ऐकवायचा. तिला खोलीचा आवाज कळतो आणि पुढं तोच वजा होत राहतो. ती शिकली आणि हौसेने जास्त केलं. आबांनी ऐकताक्षणी विचारलं, "तुणतुण्याची तार कुणी पुसली?" आणि खरंच, तारेची ती बारीक झिरझिर हुंकाराबरोबर निघून गेली होती. माझ्या कानांनी ती पकडली नव्हती. सोय एका टिचकीत बंद केली, तार परत आली. मूळ आवाज तसाच राहतो याचं महत्त्व मला एरवी शब्दांत सांगावं लागतं, त्या दिवशी सांगावं लागलं नाही. शेवटी खिडकीवर तिसरं घोंगडं टाकलं आणि थोडा हुंकार तसाच ठेवला.

पैसे भरले

साठ दिवस २३ फेब्रुवारीला संपत होते. मुदत संपली तरी रीपर बंद पडत नाही, फक्त दर वेळी आठवण देतं, आणि म्हणून कितीतरी लोक न भरताच वापरत राहतात. आबांना हे कळल्यावर ते म्हणाले, "आपल्या बिदागीचं पैसं कुणी बुडवलं तर आपण काय म्हणतो?" १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीच्या कार्यक्रमाचं मानधन आलं आणि २१ तारखेला परवाना घेतला. कार्डाचे चार्ज धरून साडेपाच हजारांच्या आसपास गेले, म्हणजे बजेट अडीच हजारांनी ओलांडलं. एक छोटी अडचण आली: डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून आधी चालू करावे लागले आणि नंतर आठवणीने बंद केले. आमचा परवाना सातव्या आवृत्तीचा, तो आठवी आवृत्ती संपेपर्यंत चालतो.

पावसाळ्यात काम थांबलं. जून ते सप्टेंबर त्या पत्र्याखाली एक ओळ रेकॉर्ड होणं शक्य नव्हतं, आणि दमट हवेत डफही उतरतो, शेकून शेकून किती शेकणार. याला कुठल्याच सॉफ्टवेअरकडे उत्तर नाही. ते चार महिने नातीने जुन्या रेकॉर्डिंगचं मिक्सिंग केलं आणि एलएमएमएसमध्ये आपले हलगीचे ठेके बनवले. ते ठेके ती वेव्ह करून रीपरमध्ये आणते. एकाच सॉफ्टवेअरने सगळं करावं असा हट्ट तिने धरला नाही, हे मला तिचं शहाणपण वाटतं.

प्रत्येक पोवाड्याच्या तीन प्रती असतात: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक चुलतभावाच्या घरी राजारामपुरीत. तिसरी दुसऱ्या घरात हवी, हा आग्रह आबांचा. नाट्यगृहाची ती रात्र ते विसरलेले नाहीत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे नियमित अपडेट, संपला. त्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही. आता तो इंटरनेटला न जोडता फक्त रेकॉर्डिंगला ठेवलाय, आणि बाकीचं काम चुलतभावाच्या नव्या लॅपटॉपवर हलवायचं ठरलं. दिवाळीच्या पाडव्याला मी तिथं होतो. नातीने नव्या लॅपटॉपवर रीपर बसवलं, परवान्याची फाइल दिली, जानेवारीचा फोल्डर उघडला. एकही फाइल हरवलेली नव्हती. आबा माझ्या शेजारी बसून ऐकत होते. गद्याचा भाग आला, डफ थांबला, आणि त्या शांततेत तुणतुण्याची तार एकटी वाजत राहिली.

आबांनी तो भाग दोनदा लावायला सांगितला. मग खुंटीवरचा डफ काढला, चामड्यावरनं बोट फिरवलं आणि नातीला म्हणाले, "पाऊस गेलाय. घोंगडी टांग."